पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर अभ्यास: एका विषयावर चार आठवडे करून बघायचा असेल तर

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला माझी बायोकेमिस्ट्रीची वही अख्ख्या हॉस्टेलमध्ये फिरायची, तीन रंगांची पेनं, हायलायटर, प्रत्येक व्याख्येला चौकट, आणि त्याच विषयात मला इंटर्नलला ५० पैकी २१ पडले. अभ्यास केला नव्हता असं अजिबात नाही. तो चॅप्टर मी चार वेळा वाचला होता, आदल्या रात्री वाचताना तर पुढच्या ओळीत काय येणार ते आधीच कळत होतं. पेपरात प्रश्न आला तेव्हा पानाचा वरचा डावा कोपरा आठवला, तिथं पिवळा हायलायटर मारलाय हेही आठवलं, पण त्या पिवळ्याखाली काय लिहिलंय ते काही केल्या आठवेना.

एसटी स्टँडवर कोणीतरी भेटतं, चेहरा पक्का ओळखीचा असतो आणि नाव मात्र ओठांवर येत नाही, तसं झालं होतं. वाचताना आपल्याला चेहरा दिसत असतो म्हणून वाटतं की येतंय, आणि पेपर नेमकं नाव विचारतो. त्यानंतरच्या सेमिस्टरला मी अभ्यासाची पद्धत बदलली, आणि ती एकदम सगळ्या विषयांना न लावता एकाच विषयावर चार आठवडे करून बघितली. ती कशी करायची, कुठं अडकायला होतं आणि आपल्याला उपयोग झाला की नाही हे कसं ओळखायचं, ते सगळं इथं लिहितेय. तुम्ही बीकॉमला असा, इंजिनिअरिंगला असा की लॉला, गाभा तोच राहतो.

पद्धत एका वाक्यात सांगायची तर अशी: थोडं वाचायचं, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते सगळं लिहायचं, मग पुस्तक उघडून चुकलेलं आणि राहिलेलं लाल पेननं भरायचं, आणि काही दिवसांनी पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात करायची.

आपल्याकडच्या लोकांना हे नवीन नाही खरं तर. माझे आजोबा संध्याकाळी अंगणात बसून पाढे विचारायचे, ते कधी ओळीनं म्हणायला लावायचे नाहीत. सतरा साते? एकोणीस नव्वे? मधूनच, उलटसुलट. ओळीनं म्हणताना आधीच्या ओळीच्या धक्क्यानं पुढची येते, मधून विचारलं की खरं काय येतंय ते कळतं. घोकंपट्टी आणि आठवून सांगणं यातला हा फरक आपण शाळेत शिकलेलो असतो आणि कॉलेजात गेल्यावर विसरून जातो, कारण तिथं पाढे विचारणारं कोणी नसतं.

यावर बरंच संशोधनही झालंय. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना उतारे वाचायला दिले. काही उतारे मुलांनी दोनदा वाचले, काही एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचलेलं जास्त आठवलं, साधारण ८१ टक्के, आणि आठवून लिहिलेलं ७५ टक्के. पण एका आठवड्यानंतर आकडे उलटे झाले: दोनदा वाचलेलं ४२ टक्के उरलं आणि आठवून लिहिलेलं ५६ टक्के. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात जी मुलं नुसती परत परत वाचत होती त्यांना स्वतःबद्दल जास्त खात्री होती, आणि आठवड्यानंतर त्यांनाच सगळ्यात कमी आठवलं. मला हे वाचून माझा २१ मार्कांचा पेपर समोर दिसला. २०१३ साली अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींचा एक मोठा आढावा घेतला गेला, त्यात स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये पसरवणं या दोनच पद्धती सगळ्यात वर आल्या, आणि अधोरेखन करणं नि परत वाचणं या दोन्ही खाली राहिल्या. म्हणजे आपण सगळे जे करतो तेच.

विषय कुठला घ्यायचा

एकच घ्या. सगळ्या विषयांना एकदम लावलं की पहिल्या सबमिशनच्या आठवड्यात सगळंच बंद पडतं, हे मी बघितलंय. ज्या विषयाची सगळ्यात जास्त भीती वाटते तो नको, तिथं मुळात समजतच नसतं आणि मग दोष पद्धतीला जातो. फार सोपाही नको, त्यात फरक कळत नाही. ज्यात लेक्चर बऱ्यापैकी समजतं पण पेपरात मार्क येत नाहीत असा एक विषय प्रत्येकाकडे असतोच, तो घ्या.

आता यातली महत्त्वाची गोष्ट, जी मला फार उशिरा सुचली. त्या विषयाची साधारण सारख्या आकाराची दोन युनिट निवडा. एक युनिट तुमच्या नेहमीच्या पद्धतीनं करायचं, वाचा, नोट्स काढा, हायलायटर मारा, जे करता ते. दुसरं कोऱ्या कागदानं. आणि दोन्हीला वेळ सारखा द्यायचा, म्हणजे एकाला चार आठवड्यांत सहा तास दिले तर दुसऱ्यालाही सहाच. असं नाही केलं तर शेवटी मार्क वाढले तरी कळत नाही की पद्धतीमुळे वाढले, जास्त बसलात म्हणून वाढले की ते युनिटच सोपं होतं. कुठलं युनिट कुठल्या पद्धतीनं करायचं ते चिठ्ठी टाकून ठरवा, नाहीतर मन आवडतं युनिट बरोबर नव्या पद्धतीकडे ढकलतं.

सामान फार लागत नाही. एका बाजूनं वापरलेले कागद चालतात, कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे खराब प्रिंटचा गठ्ठा पडलेला असतो, मागितला की देतात. एक निळं पेन, एक लाल पेन, सिलॅबसची एक प्रिंट आणि मोबाईलमधला टायमर. मोबाईल दुसऱ्या खोलीत राहणार असेल तर साधं घड्याळ जास्त बरं.

पहिला दिवस

पंचवीस-तीस मिनिटांत होईल एवढाच भाग घ्या, पाच-सहा पानं, अख्खा चॅप्टर नको. आणि समजून वाचा, हे सांगायची गरज नाही असं वाटेल पण आहे, कारण न समजलेली गोष्ट आठवायचा प्रयत्न केला तर नुसते शब्द आठवतात आणि ते दोन दिवसात गळून जातात. वाचताना लिहायचं काहीच नाही. पेन खाली.

मग पुस्तक मिटा, पाच मिनिटं उठा, पाणी प्या, गॅलरीत उभे राहा. ही पाच मिनिटं गाळू नका. मिटल्या मिटल्या लिहिलं तर नुकतंच वाचलेलं डोळ्यांसमोरच असतं आणि ते उतरवणं म्हणजे जवळपास बघून लिहिणंच झालं.

आता कोरा कागद, वर तारीख, विषयाचं नाव आणि दहा मिनिटं. आठवेल ते, आठवेल त्या क्रमानं. अक्षर कसं आहे, वाक्य पूर्ण आहे की नाही, काही बघायचं नाही. आकृती असेल तर आकृती काढा. अडलात की लगेच पुस्तकाकडे हात जाईल, तो जाऊ देऊ नका, कमीतकमी एक-दीड मिनिट ताणा, कारण अडून शोधण्याच्या त्या मिनिटातच खरं काम होत असतं. नाहीच आलं तर तिथं रिकामी चौकट काढून पुढे जा.

माझा पहिला कागद क्रेब्स सायकलचा होता, आपल्या पेशींमध्ये अन्नातून ऊर्जा काढायचं ते चक्र, हान्स क्रेब्सनं १९३७ साली मांडलेलं, बायोच्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतंच. मला वाटत होतं हे तर येतंच आपल्याला. लिहायला बसले: ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट, त्यात अ‍ॅसिटाइल कोए येतं, सायट्रेट होतं, मग आयसोसायट्रेट, मग अल्फा किटोग्लुटारेट, मग... आणि तिथून थेट मॅलेटवर उडी. मधले सक्सिनाइल कोए, सक्सिनेट, फ्युमारेट तिन्ही गायब. एनएडीएच (ऊर्जा पुढे वाहून नेणारा रेणू) तीन तयार होतात हे लिहिलं, पण कुठल्या पायऱ्यांवर ते नाही. चार रिकाम्या चौकटी झाल्या, आणि हे चार वेळा वाचलेलं पान होतं.

मग लाल पेन. पुस्तक उघडून प्रत्येक रिकामी चौकट भरायची, चूक असेल तिथं खोडून बरोबर लिहायचं, आणि शक्य असेल तिथं शेजारी एक ओळ की हे का राहिलं. ही ओळ मला सगळ्यात उपयोगी पडली. मी तिथं लिहिलं होतं, कार्बन मोजले नाहीत. कारण कार्बन मोजले तर पाठ करायला फार काही उरतच नाही: चार कार्बनचं ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट अधिक दोन कार्बनचं अ‍ॅसिटाइल म्हणजे सहाचं सायट्रेट, अल्फा किटोग्लुटारेट पाचचं, म्हणजे मध्ये एक कार्बन डायऑक्साइड निघाला, सक्सिनाइल कोए चारचं, म्हणजे अजून एक निघाला, आणि या दोन्ही ठिकाणी एकेक एनएडीएच तयार होतं. तिसरं अगदी शेवटी, मॅलेटचं परत ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट होताना. ते एकदा हिशोबासारखं दिसल्यावर परत कधी चुकलं नाही. कागदावर भोक पडलेलं दिसलं नसतं तर हा हिशोब मी कधी केलाच नसता.

लाल झालेला कागद फाडू नका, फाइलमध्ये ठेवा. पुढं लागतो.

पुन्हा कधी

एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून, १८८५ साली दाखवलं की विसरणं सुरुवातीला फार भराभर होतं आणि नंतर मंदावतं. म्हणून पहिली उजळणी लवकर, पुढच्या लांब लांब. मी दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग दहाव्या दिवशी आणि शेवटी साधारण तीन आठवड्यांनी असं करते. या आकड्यांत मंत्र वगैरे काही नाही, चौथ्या दिवशी प्रॅक्टिकल असेल तर पाचव्या दिवशी करा, काही बिघडत नाही. बिघडतं ते चारही उजळण्या एकाच रविवारी उरकल्या की.

उजळणी म्हणजे परत वाचणं नाही हां. आधी कोरा कागद, आधी आठवणं, मग पुस्तक. दर वेळी, न चुकता, याच क्रमानं. दुसऱ्या दिवशीच्या कागदाला दहा मिनिटं लागतात, दहाव्या दिवसापर्यंत पाच-सहा मिनिटांत होतं कारण पक्कं झालेलं भराभर उतरतं आणि तुम्ही थेट जुन्या लाल जागांवर जाता. तारखा लक्षात ठेवायची कटकट नको म्हणून सिलॅबसच्या प्रिंटवरच प्रत्येक टॉपिकसमोर पुढची तारीख पेन्सिलनं लिहून ठेवते, झाली की खोडून पुढची.

फ्लॅशकार्डची अ‍ॅप आहेत, अँकी तर फुकट आहे कॉम्प्युटरवर, आणि व्याख्या, कलमं, औषधांची नावं, तारखा असल्या सुट्या गोष्टींसाठी ते फार छान चालतं, पुढची तारीखही तेच काढतं. लॉच्या मुलांना तर आत्ता लागतंच, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाच्या शिक्षेचं ३०२ जाऊन १०३ झालं, फसवणुकीचं ४२० जाऊन ३१८, म्हणजे जुना आणि नवा दोन्ही आकडे डोक्यात ठेवायचे. पण मोठ्या उत्तरांसाठी कार्ड पुरत नाही, दहा मार्कांचं उत्तर उभं करायचं तर कागदच लागतो, कारण तिथं मुद्दे आठवण्याइतकंच ते कशानंतर काय येतं हेही आठवायचं असतं.

गणितं असतील तर

अकाउंट्स, स्टॅटिस्टिक्स, थर्मो, मेकॅनिक्स, यात पद्धत थोडी बदलते. सोडवलेलं उदाहरण वाचत जाणं हा यातला सगळ्यात मोठा सापळा, कारण दुसऱ्यानं सोडवलेलं वाचताना प्रत्येक पायरी पटतेच. उदाहरण वाचा, समजून घ्या, मग उत्तरावर कागद ठेवा आणि फक्त प्रश्न बघून पहिल्यापासून सोडवा. अडलात तर कागद एक ओळ खाली सरकवा, एकच ओळ, आणि पुन्हा झाका. किती वेळा सरकवावा लागला ते कोपऱ्यात लिहा. पहिल्या दिवशी सात वेळा, चौथ्या दिवशी दोनदा, असं उतरत गेलं पाहिजे.

दुसरं म्हणजे एकाच प्रकारची दहा गणितं सलग करू नका, दोन-तीन प्रकार मिसळा. डेप्रिसिएशनचं, म्हणजे वापरानं वस्तूची किंमत दर वर्षी घटते त्याचं, साधं उदाहरण घ्या, एक लाखाची मशीन, दहा टक्के. स्ट्रेट लाइननं, म्हणजे दर वेळी मूळ किमतीवर टक्के काढून, दर वर्षी १०,००० जातात, तीन वर्षांनी ७०,००० उरतात. रिटन डाउन व्हॅल्यूनं, म्हणजे उरलेल्या किमतीवर टक्के काढून, ९०,०००, मग ८१,०००, मग ७२,९००. सलग दहा गणितं एकाच पद्धतीची केली तर हाताला सवय लागते, पण पेपरात आधी हे ओळखायचं असतं की इथं कुठली पद्धत लागते, आणि ते ओळखायची सवय मिसळून सोडवल्यावरच लागते. सुरुवातीला चुका जास्त होतात, होऊ द्या.

मराठी मीडियमवाल्यांसाठी

हे मुद्दाम वेगळं लिहितेय कारण मी स्वतः दहावीपर्यंत मराठीतून शिकलेय आणि अकरावीला सायन्सला गेल्यावर सगळं एकदम इंग्रजीत झालं. तेव्हा आपण काय करतो, तर समजलं नाही तरी इंग्रजी वाक्यं जशीच्या तशी पाठ करतो, एक शब्द निसटला की पूर्ण उत्तर कोसळतं. आणि आपल्याला वाटतं आपण विषयात कच्चे आहोत. बऱ्याचदा विषय समजलेला असतो, अडचण फक्त वाक्याची असते. पण नुसतं वाचत राहिलं तर या दोन गोष्टी वेगळ्या दिसतच नाहीत.

कोऱ्या कागदावर त्या वेगळ्या होतात. पहिला कागद बिनधास्त मराठीत लिहा, टेक्निकल शब्द तेवढे आहेत तसे ठेवा, बाकी सगळं आपण बोलतो तसं. ‘मेंब्रेनच्या एका बाजूला प्रोटॉन साठतात, धरणात पाणी साठतं तसं, आणि परत येताना एन्झाइम फिरवतात, त्यातून एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार होतं’, असं. हे आलं म्हणजे विषय आला. मग चौथ्या दिवसाचा कागद इंग्रजीत, साध्या छोट्या वाक्यांत, आणि जिथं इंग्रजी अडेल तिथं मराठी शब्द घालून पुढे जायचं, थांबायचं नाही. तपासताना लाल पेननं तेवढीच इंग्रजी वाक्यं पुस्तकातून उचलायची. दहाव्या दिवसापर्यंत स्वतःच्या इंग्रजीत उत्तर येतं, आणि ते पेपरात कोसळत नाही कारण एक शब्द गेला तरी दुसरा घालता येतो. माझ्या ओळखीच्या ज्यांनी ज्यांनी हे केलं त्यांना ओरलला सगळ्यात जास्त फरक जाणवला, कारण समोरचे सर मधूनच विचारतात, आजोबांच्या पाढ्यासारखं.

कोणालातरी सांगून बघा

आठवड्यातून एकदा कागदाऐवजी माणूस घ्या. रूममेट चालेल, धाकटा भाऊ चालेल, विषय माहीत नसलेलं माणूस जास्त बरं. मी रविवारी आईला फोन केला की दहा मिनिटं तिला काहीतरी समजावून सांगायचे. एकदा ते चक्र सांगत होते, की बघ आई, आपण भाकरी खातो, तिचं पोटात साखरेत रूपांतर होतं आणि ती साखर पेशीत हळूहळू जळते, चुलीसारखी एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. ती ऐकत होती, मग म्हणाली, “अगं, जळतं म्हणतेस तर धूर कुठंय त्याचा?”

मी गप्पच झाले. कार्बन डायऑक्साइड कुठल्या पायऱ्यांवर निघतो हे मला तोपर्यंत पाठ होतं, पण आपण आत्ता फोनवर बोलताना जो श्वास सोडतोय तो त्याच पायऱ्यांवरून आलाय, हे माझ्या डोक्यात जोडलंच गेलं नव्हतं. साखरेच्या एका रेणूचे दोन पायरुवेट होतात, प्रत्येकात तीन कार्बन, एक चक्राच्या आधीच निघतो आणि दोन चक्रात, आणि तो सगळा धूर आपण नाकावाटे सोडतो. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, “हां, मग बरोबर.” युनिव्हर्सिटीच्या पेपरात नेमका याच्यावर प्रश्न आला नाही, पण त्या युनिटमध्ये मला परत कधी भीती वाटली नाही.

माणसाला सांगताना वही समोर ठेवू नका. आणि समोरच्याला सांगून ठेवा की मधेच थांबवून ‘म्हणजे काय’ विचारायचं.

कुठं अडकायला होतं

दुसरा आठवडा वाईट जातो. वाचण्यात एक छान वाटणं असतं, पानं उलटत जातात, आज चाळीस पानं झाली असं सांगता येतं. इथं तासाभरात सहा पानं होतात आणि वर कागद लालेलाल. रूममेट दोन चॅप्टर पुढं गेलेली असते. मला तेव्हा दोनदा वाटलं की सोडून द्यावं, आपली स्मरणशक्तीच कमी आहे. असं वाटलं तर फाइलमधला त्याच टॉपिकचा पहिल्या दिवसाचा कागद आणि आजचा कागद शेजारी शेजारी ठेवा, लाल किती कमी झालंय ते बघा. म्हणूनच तो फाडू नका म्हटलं.

अजून एक, कोरा कागद हळूहळू सुंदर नोट्स बनायला लागतो. हेडिंगखाली रेघ, रंग, मग लिहिता लिहिता हळूच पुस्तक उघडून बघणं. माझं हेच झालं होतं कारण मला छान वही काढायची सवय. त्यावर उपाय एकच, बॉलपेन, रफ कागद आणि टायमर, दहा मिनिटं संपली की पेन खाली.

आणि सबमिशन, गॅदरिंग, जर्नल पूर्ण करायचे दिवस येतात तेव्हा नवीन टॉपिक घेऊ नका, फक्त ठरलेली उजळणी करा. दिवसाला दहा-पंधरा मिनिटं, कॅन्टीनमध्ये चहा येईपर्यंतसुद्धा एक कागद होतो. दोन दिवस बुडाले तर बुडाले, तारीख पुढं ढकला, सगळं पहिल्यापासून सुरू करू नका.

उपयोग झाला की नाही

अठ्ठाविसाव्या दिवशी स्वतःची परीक्षा घ्या आणि प्रश्न स्वतः काढू नका. वर्गातल्या मैत्रिणीला किंवा मित्राला सांगा की जुन्या प्रश्नपत्रिकांमधून या दोन युनिटचे पाच-पाच प्रश्न काढ, कुठलं युनिट कुठल्या पद्धतीनं केलंय ते मात्र त्यांना सांगू नका. त्या आधीचे तीन दिवस दोन्ही युनिट बंद, एक पानही उघडायचं नाही. मग वेळ लावून लिहा आणि तपासायलाही त्यांनाच द्या, बदल्यात त्यांचा पेपर तुम्ही तपासा.

शिवाय पेपर लिहायच्या आधी एका चिठ्ठीवर लिहून ठेवा की कुठल्या युनिटमध्ये किती पडतील असं वाटतंय. माझे अंदाज दोन्हीला २५ पैकी १७ होते. आले ते वाचलेल्या युनिटला ११ आणि कागदवाल्या युनिटला १८. मार्कांच्या फरकापेक्षा मला तो पहिला आकडा जास्त लागला, १७ वाटले आणि ११ आले, म्हणजे नुसतं वाचून मला माझ्याबद्दल चुकीची माहिती मिळत होती. एका मुलीच्या एका परीक्षेवरून सगळ्या जगाबद्दल काही सांगता येत नाही, पण माझ्या अभ्यासाबद्दल मला पुरेसं कळलं.

तुमचा फरक दोन-तीन मार्कांचाच आला तर अजून एका युनिटवर करून बघा. उलटा आला तर कागद काढून बघा, बहुतेक वेळा एकतर उजळण्या राहिलेल्या असतात किंवा वाचताना समजलेलंच नसतं. समजलं नसेल तर आधी सरांना, मॅडमना किंवा वर्गातल्या कुणाला तरी विचारून ते मिटवा, कागद त्याच्यानंतर. आणि फरक चांगला असेल तर पुढच्या महिन्यात अजून एक विषय घ्या, एकच.

परीक्षा जवळ आल्यावर टॉपिकऐवजी जुने प्रश्न घेऊन कागद लिहा, पाच मार्कांच्या प्रश्नाला किती वेळ देता येतो तेवढाच वेळ लावून. आयएमपी म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी यादीही चालेल, पण ती वाचायला नाही, उत्तरं न बघता लिहायला. पेपरच्या आदल्या दिवशी अख्खं पुस्तक उघडू नका. फाइलमधले शेवटचे कागद काढा, त्यातलं फक्त लाल वाचा, तासा-दीड तासात होतं, सगळ्यात जास्त वेळा लाल झालेल्या चार-पाच गोष्टी एकदा न बघता लिहा आणि अकराच्या आत झोपा, हॉल तिकीट आणि दोन पेनं बॅगेत टाकून.